डेअरीवरची वही: कुत्र्यांच्या घरगुती उपायांच्या नोंदी

३ मे २०२५

आजपासून वही सुरू केली. गेल्या महिन्यात आमच्या मोत्याच्या कानामागे गोचिडांचा घोसच लागला होता. सकाळी दूध घालायला आलेल्यांना मी सहज विचारलं, काय लावू? संकलन बंद व्हायच्या आत सात उपाय मिळाले: कडुलिंबाचा पाला, करंजाचं तेल, मिठाचं पाणी, रॉकेल, तंबाखूचा काढा, सीताफळाच्या बिया आणि डाळिंबावर मारायचं फवारणीचं औषध. शेवटचा उपाय सांगणाऱ्यांनी तो गेल्या उन्हाळ्यात केलाही होता. कुत्र्याचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, दुसऱ्या दिवशी गेलं, उन्हानं गेलं असंल. औषधाचा आणि मरणाचा संबंध त्यांच्या मनात आलाच नव्हता. ते माणूस वाईट नाहीत. कुत्र्यासाठी रडले होते, हे मला त्यांच्या घरातून कळलं.

माणदेशातलं आमचं गाव. घरटी एक कुत्रं, मळ्यात दोन-दोन, आणि मेंढरामागे चालणारी धनगरांची कुत्री वेगळी. जनावरांचा दवाखाना सात किलोमीटरवर. डॉक्टरांचा सगळा दिवस गाई-म्हशींत जातो. कुत्र्याला काही झालं की लोक आधी घरात काय आहे ते बघतात, आणि ते साहजिक आहे. पण कोणता उपाय कामाचा, कोणता नुसताच निरुपद्रवी आणि कोणता जिवावर बेतणारा, हे आमच्याकडे कुठे लिहिलेलं नाही.

काम असं ठरवलं: संकलन केंद्राच्या खिडकीत ही वही ठेवायची. जो उपाय सांगेल त्याला चार गोष्टी विचारायच्या: कशासाठी, काय, किती दिवस, आणि कुत्र्याचं पुढे काय झालं. महिन्यातून एकदा डॉक्टर वही वाचतील, असं त्यांनी कबूल केलंय. शेवटी फॅट मशीनच्या वर भिंतीवर एक फलक. मृग निघायच्या आत लावायचा विचार आहे.

९ मे

सहा दिवसांत ३१ उपाय. गोचीड आणि पिसवांवर बारा, खरूज आणि लुतीवर आठ, बाकी हगवण, जखम, कान वाहणे, तापात अन्न सोडणे. चौथ्या प्रश्नाला, म्हणजे पुढे काय झालं याला, निम्म्या लोकांकडे उत्तर नाही. "लावलं आणि सोडलं" हे सगळ्यांत जास्त वेळा लिहावं लागलं.

एक गोष्ट ठळक दिसते. यातले बहुतेक उपाय मुळात गुरांचे आहेत. हात तिकडे बसलेला, तोच इकडे वापरला.

१४ मे

दुपारी तीनला मळ्यातून फोन. पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेलं कुत्रं पडलं होतं, जीभ बाहेर, लाळ चिकट, हिरड्या लालभडक. त्यांनी अंगावर ओलं गोणपाट पांघरलं होतं आणि तोंडात कांद्याचा रस घालायच्या तयारीत होते. गोणपाट आधी काढलं. ओलं गोणपाट अंगावर टाकलं की थोड्या वेळात तेच तापतं आणि आतली उष्णता कोंडते. ते अंगाखाली घालायचं. पोट, जांघा आणि पंजे यांवर साधं पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. बर्फ नको. थर्मामीटर होता म्हणून कळलं: आल्या आल्या १०५.८, वीस मिनिटांनी १०३. तिथे पाणी थांबवलं, नाहीतर ताप गरजेपेक्षा खाली घसरतो. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. माणसाच्या मानाने तो जास्तच असतो, त्यामुळे हात लावून "ताप आहे" म्हणणाऱ्यांची फसगत होते.

संध्याकाळी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. असा झटका बसून उठलेलं कुत्रं बरं दिसलं तरी आतून मार बसलेला असू शकतो.

१९ मे

आजची नोंद महत्त्वाची.

खालच्या आळीतली कुत्री आठ दिवसांपूर्वी व्याली. चार पिल्लं. तिच्या मागच्या दोन सडांना सूज आली, हात लावू देईना. घरच्यांनी काय करावं? आमच्या डेअरीवरच दगडीचं, म्हणजे कासेच्या सुजेचं, शिक्षण झालं होतं, तिथे शिकवलेला लेप त्यांच्या तोंडपाठ: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. म्हशीच्या कासेवर तो दिवसातून अनेकदा लावतात आणि आमच्या गावात कितीतरी घरांना त्याचा गुण आलाय. मी स्वतः आमच्या म्हशीला लावलाय. तोच लेप त्यांनी कमी प्रमाणात करून कुत्रीला लावला.

सकाळी मी गेले तेव्हा ती कोपऱ्यात बसून एकसारखी पोट चाटत होती. जिभेची कड पांढरी पडलेली. हगवण लागलेली. तीन पिल्लं सडाला तोंड लावायची आणि सोडून ओरडायची. चौथं निपचित.

"वहिनी, म्हशीला चालतंय ते हिला का चालंना?" घरातल्या आक्कांनी विचारलं. त्यांना काय सांगावं ते मला तेव्हा सुचलं नाही. कोमट पाण्याने सगळा लेप धुतला, पिल्लांची तोंडं पुसली, आणि दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर एका वाक्यात म्हणाले, "म्हैस कासेपर्यंत तोंड नेऊन दिवसभर चाटत बसत नाही." कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक पोटात गेला की जुलाब होतात, आणि चुन्याने तोंड भाजतं. लेप म्हशीसाठी चांगलाच आहे, पण कुत्रीला बाहेरून लावलेलं औषध तिने खाल्लेलं असतं.

तिला आता गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून चार वेळा शेक, हलक्या हाताने दूध काढणं, आणि दवाखान्यातलं प्रतिजैविक. निपचित पिल्लू संध्याकाळी गेलं.

वहीत पाचवा रकाना आखला: चाटलं का?

२६ मे

यंदा पाऊस मेमध्येच येऊन कोसळला. रानात चिखल, घरात ओल, आणि दोन दिवसांत गोचिडांच्या तक्रारी दुप्पट.

गोचिडांवर या महिन्यात मी स्वतः मोजदाद केली, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मोत्याला रोज सकाळी कडुलिंबाच्या पाल्याच्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचं आणि चिमट्याने गोचीड काढून साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायची. पहिल्या दिवशी ६४. चौथ्या दिवशी ४१. सातव्या दिवशी पुन्हा ५८. पाल्यात कसूर नव्हती, पाणी कडूजहर होतं. मग कळेना, हे येतंय कुठून.

रात्री बॅटरी घेऊन मोत्या झोपतो त्या पडवीत गेले. भिंतीच्या भेगेत बोटभर खोल, बारीक तपकिरी दाण्यांची रांग दिसली. आधी वाटलं माती आहे. दाणे चालायला लागले तेव्हा कळलं. कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी कुत्र्यावरून उतरून फटीत जाते, कात टाकते, मोठी होऊन परत चढते. भरलेली मादी एका वेळी चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते, तीही फटीतच. म्हणजे मी मोत्याच्या अंगावर लढत होते आणि गोचिडांचं गाव माझ्या भिंतीत होतं.

मग मोत्याला सोडून पडवीच्या मागे लागले. जुनी गोणपाटं जाळली. भेगांत उकळतं पाणी ओतलं, सुकल्यावर सिमेंट भरलं, वरून चुन्याचे दोन हात दिले, आणि चुना पूर्ण सुकेपर्यंत मोत्याला पडवीत येऊ दिलं नाही. दहा दिवसांनी बाटलीत ९. परवा ४. कडुलिंबाचं पाणी चालूच आहे. त्याने गोचीड लगेच मरत नाही, कात टाकण्यात आणि वाढीत अडथळा येतो, म्हणून जागा साफ असेल तरच त्याचा गुण दिसतो.

आणखी दोन गोष्टी. गोचीड उदबत्तीने चटका देऊन किंवा रॉकेल लावून काढू नये. ती ताणली गेली की पोटातलं परत जखमेत ओकते. चिमटा कातडीला टेकवून धरायचा आणि सरळ वर ओढायचा. आणि दगडावर नखाने चिरडू नये. आमच्याकडे पोरं ते हौसेने करतात, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय.

२ जून

डॉक्टर दूध तपासणीला आले होते, जाताना तासभर वही घेऊन बसले. तीन रंगांच्या पेन्सिली आणल्या होत्या. हिरवा, पिवळा, लाल.

लाल सगळ्यांत जास्त भरला. रॉकेल, फवारणीचं औषध, डांबरगोळी, फिनेलची अंघोळ, तंबाखू, माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅकचं नाव वहीत पाच वेळा आलंय. गिधाडं संपत चालली म्हणून २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झालं हे आमच्या लोकांना माहीत आहे, पण माणसासाठी मेडिकलमध्ये मिळतं आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला अर्धी गोळी भाकरीत घालून दिली जाते. त्याने पोटात व्रण होऊन रक्त जातं, मूत्रपिंडं निकामी होतात.

लसणाला लाल लावल्यावर माझा चेहरा उतरला असणार. जंतांसाठी लसूण हा उपाय वहीत सहा घरांतून आलाय आणि त्यातलं एक घर माझं माहेर आहे. कांदा आणि लसूण एकाच कुळातले. त्यांच्यातली द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कांद्याचं गणित डॉक्टरांनी मांडून दिलं: वजनाच्या अर्धा टक्का एका वेळी पोटात गेला की रक्तावर परिणाम दिसू शकतो, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम, एक मध्यम कांदा. थोडा थोडा रोज गेला तरी साठत जातं. शिजवून, वाळवून, कशानेही ते जात नाही. त्रास लगेच नाही, तीन-चार दिवसांनी दिसतो, तेव्हा रस्स्यातल्या कांद्याची कोणाला आठवण राहत नाही.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला फार पटलं. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर तीन ते पाच पेशींचा, आपला दहा ते पंधरा. आपल्या हाताला न झोंबणारं औषध त्याला झोंबू शकतं.

१२ जून

सकाळी साडेनऊ. स्टँडजवळ तीनेक महिन्यांचं पिल्लू, लुतीने केस गेलेलं. गॅरेजमधल्या पोरांनी त्याच्यावर गाडीचं जळकं ऑईल ओतलं होतं. त्यांच्यातल्या एकाने ते स्वतः उचलून डेअरीवर आणलं, त्याचे हातही काळे. "काकी, सगळे हेच लावत्यात. पण ह्ये आता थरथरायलंय."

हा उपाय वहीत सात वेळा आहे. लोक म्हणतात गुण येतो, आणि मला वाटतं ते खोटं बोलत नाहीत. तेलाच्या थराखाली किडा गुदमरतो, खाज चार दिवस थांबते. पण इंजिनात फिरून आलेल्या तेलात शिसं आणि नको नको ते जळकं उतरलेलं असतं. ते सोललेल्या कातडीतून आत जातं आणि उरलेलं जिभेवाटे. खाज थांबली हे सगळ्यांना दिसतं. महिन्याने कुठल्या तरी ओट्याखाली ते कुत्रं मरतं, तेव्हा बघायला कुणी नसतं.

पाण्याने काहीच होईना, थेंब नुसते घरंगळायचे. मग शेंगतेल घेतलं. वाटीभर तेल पिल्लाच्या पाठीवर ओतून बोटांच्या पेरांनी चोळत गेले, तेव्हा काळं सुटायला लागलं. बगलेत आणि मांडीच्या वळकटीत ते घट्ट बसलं होतं, डांबरासारखं. जुन्या फडक्याने टिपायचं, पुन्हा तेल, पुन्हा टिपायचं. मग डाळीचं पीठ भुरभुरलं, त्याने तेल ओढून घेतलं. मग कोमट पाण्यात भांड्यांचा पातळ साबण. तीन वेळा हे सगळं केलं तेव्हा पाणी राखाडी झालं. खालून जी कातडी दिसली ती भाजल्यासारखी गुलाबी होती, कोपरावर चिरलेली. पिल्लू आवाज करत नव्हतं. माझ्या मनगटाला नाक लावून बसलं होतं.

चौथ्यांदा मानेला हात लावला तेव्हा त्याने दात मारला. ओरखडा, रक्त नाही. मी काम पोराच्या हातात दिलं आणि नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून हात धुतला. हळद, चुना, चटणी काही लावलं नाही. दुपारी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घेतली. पुढच्या तारखा १५ जून, १९ जून, १० जुलै. हे मुद्दाम लिहितेय. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू आहे, त्याला काय होतंय, असं मला डेअरीवर चार जणांनी सांगितलं. पिल्लालाही रेबीज होतो, आणि लक्षणं दिसायला लागली की त्यावर इलाज नाही.

रात्री प्रश्न हाच: आता जे काही लावू ते हे चाटणार. घरात श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा होता. बूड कापलं, एका बाजूने उभा चिरला, कडांना सायकलची जुनी ट्यूब बसवून वरून सुती पट्टी शिवली. चार भोकं पाडून गळ्याच्या नाडीत ओवला. तोंड डब्याच्या कडेच्या जरा आत राहील एवढी लांबी. पिल्लू दोन वेळा भिंतीला धडकलं आणि मग झोपलं. जेवताना काढायचा, लगेच परत घालायचा.

४० दिवसांत वहीत ६० वर उपाय आले, आणि मला वाटतं हा डबा त्या सगळ्यांत उपयोगी आहे.

१९ जून

तिसरा डोस झाला. पिल्लाचं नाव पोरांनी डबू ठेवलंय.

दवाखान्यात कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचाच किडा. तो माणसालाही खाजवतो, माझ्या दंडावर पुरळ आलंय, पण माणसाच्या अंगावर तो फार दिवस टिकत नाही. उपचार डॉक्टरांचं इंजेक्शन आणि घरी गंधकाचं मलम. कडुलिंब-हळदीच्या लेपाबद्दल मी विचारलं. १९९२ साली छापून आलेला एक अभ्यास त्यांनी सांगितला: ८१४ माणसांच्या खरजेवर हाच लेप लावला, ९७ टक्के ३ ते १५ दिवसांत बरे झाले. तो माणसांवरचा आहे, आणि माणसं लेप चाटत नाहीत. पण पाल्याचा ताजा लेप, डबा गळ्यात घालून, तासाभराने धुऊन टाकायचा, याला त्यांनी हिरवा दिला. करंजाच्या तेलाला पिवळा: नुसतं कधी नाही, चौपट खोबरेल तेलात, आधी रुपयाएवढ्या जागेवर एक दिवस लावून बघायचं, डबा हवाच. नुसतं करंजतेल पोटात गेलं की कुत्रं लाळ गाळतं, ओकतं.

डबू कशाने बरं होतंय हे मी सांगू शकत नाही. सगळंच एकदम चालू आहे. फलकावर "कडुलिंबाने खरूज बरी होते" असं मी लिहिणार नाही. "डॉक्टरांच्या औषधासोबत आराम पडतो" असं लिहीन.

१ जुलै

वाघ्या, धनगरवाड्यावरचं मेंढरांचं कुत्रं, सात वर्षांचं, वाघ म्हणावं असंच. चार दिवस खाईना. काल नाकातून रक्त. घरच्यांना वाटलं उष्णता चढली, माणसाचा घुळणा फुटला की करतात तसं कांदा फोडून हुंगवला आणि ताकातून कांदा खाऊही घातला.

मी पोटाकडचे केस बाजूला केले. कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके. ओठ वर करून हिरडी पाहिली, तीही फिकट, आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला वेळ लागत होता. एरवी तो दोन सेकंदांच्या आत येतो. हा गोचिडांमुळे होणारा ताप. त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून नाकातून रक्त. आणि वर कांद्याने तांबड्या पेशीही फुटणार.

जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या मदत क्रमांकाला फोन केला, त्यांनी जवळची सोय सांगितली. डॉक्सीसायक्लिन सुरू झालंय, २८ दिवस. पपईच्या पानांचा रस द्यावा का, असं वाड्यावरच्या नानांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, चमचाभर दिलात तर माझी हरकत नाही, गोळी एक दिवसही चुकवू नका. नानांनी दाराच्या चौकटीवर खडूने २८ रेघा ओढल्यात. रोज एक पुसतात.

१७ जुलै

वरच्या आळीत पाच पिल्लांपैकी चार गेली. पार्व्हो, विषाणूचा रोग. रक्ताची हगवण, तो वास एकदा घेतला की विसरत नाही. घरच्यांनी तीन दिवस ताकभात आणि डाळिंबाच्या सालीचा काढा केला. मोठ्या कुत्र्याच्या साध्या हगवणीला ताकातल्या कण्या, मऊ भात, उकडलेलं डांगर चालतं, हे माझ्याच वहीत हिरव्या रंगात आहे. त्यांनी ते वाचलंही होतं. मी वयाची अट लिहिली नव्हती.

आज लिहिली. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, लस नाही, ओकारी आणि हगवण दोन्ही: घरी काही करत बसू नका, त्याच तासाला दवाखाना. वाटेत साखर-मिठाचं पाणी (एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ) थेंब थेंब, ओकत असेल तर तेही नाही.

अंगणात हा विषाणू महिनोन्‌महिने राहतो आणि फिनेलने जात नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं भिजत ठेवून धुतलं. त्या घरात वर्षभर बिनलसीचं पिल्लू आणू नका, असं सांगून आले. उरलेलं पाचवं सलाईनवर आहे.

२३ जुलै

पाचवं वाचलं.

४ ऑगस्ट

पावसाळ्याचा खरा त्रास सुरू. या आठवड्यात जखमेत किडे पडलेली तीन कुत्री. माशीने घातलेल्या अंड्यांतून दिवसाच्या आत अळ्या निघतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात. वरून जखम बोराएवढी, आत पोकळी मुठीएवढी.

पेट्रोल, फिनेल, तंबाखू, चुना, सगळे उपाय होऊन आलेली. पेट्रोल ओतलं की किडे मरतात, पण आतच मरून सडतात आणि कुत्रं वेदनेने वेडं होतं. अळी शेपटाच्या बाजूने श्वास घेते, म्हणून खोबरेल तेलात भिजवलेली पट्टी तोंडावर ठेवली की हवेसाठी वर येते, मग चिमट्याने एक एक काढायची. मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं, हळद-खोबरेल कडेने, आणि डॉक्टरांचं इंजेक्शन, कारण खोलातल्या राहतातच. एका कुत्र्याच्या कानामागून काल मी आणि डबूला आणणाऱ्या पोराने ८३ काढल्या. त्याने बॅटरी धरली होती. हात हलू दिला नाही.

मोठ्या कुत्र्यांसाठी रंगाच्या बादलीचा डबा केला.

२२ ऑगस्ट

फलकाचा मजकूर घेऊन डॉक्टर, मी आणि पाच-सहा जाणती माणसं बसलो. तंबाखूच्या काढ्यावर लाल फुली पाहून थोरले अण्णा बराच वेळ गप्प होते. चाळीस वर्षं ते मेंढरांच्या जखमांना तोच लावत आलेत. मी म्हणाले, अण्णा, मेंढराबद्दल मी काही म्हणत नाही, त्याची मान तिथवर वळत नाही. ते म्हणाले, "आमच्या आधीच्या कुत्र्याला लावलं तवा फेस आला हुता तोंडाला. मी म्हटलं कायतरी खाल्लं असंल रानात." मग त्यांनीच सांगितलं, फुली राहू द्या.

शेवटी फलकावर हिरवे अकरा, पिवळे सहा, लाल एकोणीस. सगळ्यांत वर एक ओळ ठेवायचं ठरलं, सगळ्या उपायांच्या आधी: "लावायच्या आधी डबा घाला."

१२ सप्टेंबर

मृगाला लागायचा फलक आज लागला. पत्र्यावर रंगवून घेतला, दमट हवेत कागद टिकत नाही.

वाघ्याच्या २८ रेघा केव्हाच पुसून झाल्यात, तो मेंढरांबरोबर खाली गेलाय. डबूच्या पाठीवर केस आले, कोपरावर अजून नाहीत. आक्कांच्या कुत्रीची तिन्ही पिल्लं लसीला नेली, चौथ्याची आठवण त्यांनी दवाखान्याच्या दारात काढली.

वहीची शेवटची पानं आता डब्यांच्या देवघेवीला दिलीत. चार डबे आहेत, दोन श्रीखंडाचे, दोन बादलीचे. कुणी नेला, कधी नेला, गळ्याचं माप किती. मोठी बादली परवापासून वरच्या मळ्यात आहे. तिथून ती देवळामागच्या कुत्रीला जायची आहे, ऑपरेशनचे टाके निघेपर्यंत दहा दिवस. ट्यूब एका बाजूने सुटलीय, द्यायच्या आधी शिवून घ्यायची.